ज्याच्या त्याच्या कानापुरते

बापलेकांच्या भांडणाला शेत, घर, पैसा किंवा सून यांपैकी एखादे कारण लागते, अशी आमची पुस्तकी समजूत होती. आमच्या घरात मात्र गेल्या वर्षी जे भांडण चार महिने धुमसत राहिले, त्याच्या मुळाशी बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसलेली एक काळी खुंटी होती. ती उजवीकडे फिरविली की आवाज वाढे आणि डावीकडे फिरविली की कमी होई. तिच्या अंगी याहून अधिक काही गुण नव्हता. पण कलहाला निमित्त लहान असले तरी चालते, हे व्यासांपासून सर्वांना ठाऊक आहे.

आमच्या थोरल्या बंधूंचे पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर कापडाचे तीन मजली दुकान आहे. दुकान आमच्या वडिलांनी काढले. आम्ही पुस्तकांच्या नादी लागून त्यातून सुटलो, आणि दादा आमच्याही वाट्याचे कष्ट उपसून त्यात राहिले. तळमजल्यावर सुती कापड, पहिल्या मजल्यावर साड्यांच्या पांढऱ्या गाद्या आणि दुसऱ्यावर मुलांचे कपडे, अशी तेथली मांडणी आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याने दुकानाला नवा रंग दिला, नवे दिवे लावले, आणि त्याबरोबरच गाणी वाजविण्याची यंत्रसामग्रीही आणली. गल्ल्यामागच्या फळीवर साठ वॅटचा अँप्लिफायर बसला आणि तिन्ही मजल्यांच्या छतांत मिळून अकरा स्पीकर जडविले गेले. दिवसभर मंद स्वरात सनई, सतार किंवा जुनी भावगीते चालू असावीत, गिऱ्हाईक रमावे, आणि रमलेल्या गिऱ्हाइकाने आणखी एक साडी उलगडून दाखवायला सांगावी, असा त्यातला मनसुबा होता.

परंतु अकरा स्पीकरांना खुंटी एकच. तिच्याभोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे कोरलेले. दादा सकाळी गल्ल्यावर बसले की ती सातावर नेत. पुतण्या अकराच्या सुमारास आला की तिनावर आणी. दादा जेवून परतले की पुन्हा सात. पहिल्या मजल्यावरचा विक्रेता नेमका स्पीकरखालच्या गादीवर बसत असे. सातावर खुंटी गेली की त्याला पैठणीची किंमत ओरडून सांगावी लागे, आणि ओरडून सांगितलेली किंमत ऐकणाऱ्यास नेहमी जास्तच वाटते. उलट ती तिनावर आली की दारापाशी रिक्षांच्या आणि दुचाक्यांच्या गोंगाटात गाण्याचे एक अक्षर कानी पडत नसे. पुतण्या आमच्याकडे येऊन म्हणे, "काका, व्यापारी वस्तीत दिवसा ६५ डेसिबलच्या वर गोंगाट नसावा, असा २००० सालचा नियम आहे. पण बाबा माझे ऐकतच नाहीत." दादांचे म्हणणे याच्या उलट. ते आपल्या नेहमीच्या हलक्या, शांत आवाजात म्हणत, "दुकान गजबजलेले वाटले पाहिजे. सामसूम दुकानात माणूस पायरी चढायला बिचकतो."

अखेर फिर्याद आमच्यापुढे आली. प्राध्यापकास सर्व विषयांतले थोडेथोडे कळते, असा घरच्या मंडळींचा उदार समज असतो, आणि तो दूर करण्याइतका प्रामाणिकपणा आमच्या अंगी आजवर आलेला नाही. आम्ही सात आणि तीन यांची बेरीज केली, तिला दोहोंनी भागले, आणि पाच हा निवाडा दिला. परिणाम असा झाला की पूर्वी एका वेळी निम्मे लोक असंतुष्ट असत, ते आता सगळे झाले. दाराशी अजूनही ऐकू येईना, आणि गादीवर अजूनही कान किटत. मध्यममार्गाची थोरवी आम्ही ॲरिस्टॉटलच्या नावाने वर्गात पुष्कळदा गायिली आहे. पण हा मध्य बेरीज-भागाकाराने काढावयाचा नसून ज्याच्या त्याच्या मानाने ठरवावयाचा असतो, मिलोसारख्या मल्लाला अपुरे पडेल ते अन्न नवशिक्याला जड जाईल, असेही त्याच ॲरिस्टॉटलने तेथेच सांगून ठेवले आहे. निवाडा देताना आम्ही ते सोयीस्करपणे विसरलो होतो.

मग एक नवा कारागीर बोलावण्यात आला. तिशीच्या आतला तरुण. हातात पेचकस, खांद्यावर शिडी. खुंटीला त्याने हातही लावला नाही. प्रथम तो गल्ल्यावर बसला, मग गादीवर बसला, मग दाराशी, जिन्यात, मुलांच्या कपड्यांच्या कपाटांमध्ये उभा राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी दोन-दोन मिनिटे नुसता ऐकत राहिला. ज्याला ऐकावे लागते त्याच्या जागी आधी जाऊन बसावे, ही न्यायाची पहिली पायरी आम्हांस सुचली नव्हती. त्याला ती धंद्याने शिकविली होती.

"सर," तो म्हणाला, "मोठी खुंटी रोज फिरवायची नसतेच. ती एकदा लावायची आणि विसरायची. आवाज ठरवायचा तो प्रत्येक स्पीकरच्या पाठीशी."

मग त्याने एक स्पीकर उतरवून आम्हांस त्याची पाठ दाखविली. घरातल्या वाद्ययंत्रात तार आखूड असते आणि स्पीकर दोनच असतात. म्हणून ते अँप्लिफायरला सरळ जोडले तरी भागते. दुकानात तारा लांब जातात आणि स्पीकर पुष्कळ असतात; सरळ जोडणी केली तर बरीचशी शक्ती तारेतच खर्ची पडते. यास्तव अँप्लिफायरमधून निघणारा विद्युत्-दाब चढवून पूर्ण जोरावर तो शंभर व्होल्टपर्यंत जाईल असा करतात. अमेरिकेत हाच आकडा सत्तर आहे. एकाच तारेच्या जोडीवरून तो सगळीकडे खेळवितात, आणि प्रत्येक स्पीकरला एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर देऊन तेथल्या तेथे पुन्हा उतरवितात. विजेच्या कारखान्यातून गावोगाव वीज नेताना जी युक्ती योजतात, तीच ही. या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला तीन-चार टोके असतात. सहा वॅटच्या टोकाला तार जोडली तर तो स्पीकर सहा वॅट घेतो. तीनच्या टोकाला जोडली तर तीन, दीडच्या टोकाला जोडली तर दीड. शेजारच्या स्पीकरला त्याचा पत्ताही लागत नाही.

पाटाच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांस ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. पाट भरून वाहत असतो. ऊस, गहू आणि मेथीचा वाफा या तिघांना पाणी त्याच पाटाचे, पण दारे ज्याचे त्याचे. मेथी कुजते म्हणून कोणी पाट आटवीत नाही, आणि उसाला पुरत नाही म्हणून पाटाला पूर आणीत नाही. आमच्या दुकानात मात्र दारे सगळी सताड उघडी ठेवून बापलेक पाटाशी झोंबत होते. पहिल्या कारागिराने अकराही स्पीकर सरसकट सहाच्या टोकाला जोडून ठेवले होते. म्हणजे मागणी सहासष्ट वॅटची आणि देणारा साठ वॅटचा! सातावर खुंटी गेली की सनईचा स्वर फाटल्यासारखा का वाटे, ते आम्हांस आता उमगले. त्या बिचाऱ्या यंत्राला झेपेल त्याहून अधिक ओझे त्याच्या पाठीवर होते.

नव्या कारागिराने फेरवाटणी केली. दाराशी रस्त्याचा गोंगाट, म्हणून तेथले दोन स्पीकर सहावरच राहिले. तळमजल्यावरचे तीन तिनावर आले. गाद्यांवरचे चार आणि वरच्या मजल्यावरचे दोन दीडवर आले. कारण तेथे छत बुटके, ऐकणारा जवळ, आणि बाहेरचा गलका पोचत नाही. सगळ्यांची बेरीज तीस वॅट झाली, म्हणजे यंत्राच्या शक्तीच्या बरोबर निम्मी. शिवाय प्रत्येक मजल्याच्या भिंतीवर त्याने एकेक लहान खुंटी बसविली. तिच्या एकेका पायरीने त्या मजल्याचा आवाज तीन-तीन डेसिबलने उतरे आणि शेवटच्या पायरीला अगदी बंद होई. आग लागली किंवा मूल हरवले आणि गल्ल्यावरून सूचना द्यावी लागली, तर मात्र ती सूचना या भिंतीवरच्या खुंट्यांना न जुमानता पूर्ण आवाजात सगळीकडे जाईल, अशीही योजना त्याने केली. मोठी खुंटी एकदा नीट लावून तिच्यावर त्याने पत्र्याचे झाकण स्क्रूंनी बसविले.

आम्ही आमचे शहाणपण दाखविण्यासाठी विचारले, "सहाचे दीड केले, म्हणजे आवाज पावच राहिला ना?" तो हसला. कान वाण्यासारखा तराजूने मोजत नाही, असे त्याचे म्हणणे. शक्ती निम्मी केली तर फरक फक्त तीन डेसिबलचा. तो कळतो, पण बेताचाच. आवाज निम्मा झाला असे माणसास वाटावयाचे असेल तर शक्ती जवळजवळ दहावा हिस्सा करावी लागते. उलट अंतराचा परिणाम मोठा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलनी उतरतो, म्हणजे शक्ती चतुर्थांश केल्यासारखाच. एवढ्यावरून या विद्येचे सूत्र असे निघाले की, लांबून मोठ्याने सांगण्यापेक्षा जवळ जाऊन हळू सांगावे. दूरच्या एका मोठ्या कर्ण्यापेक्षा जवळचे अनेक लहान कर्णे बरे.

त्या रात्री आम्ही डेसिबल या शब्दाचे मूळ शोधले. दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या नावावरून 'बेल' हे माप ठरले आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल. या बेलच्या आईला फार कमी ऐकू येई. त्याची पत्नी मेबल लहानपणी आलेल्या तापाने पूर्ण बहिरी झाली होती. आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. जगातला सगळा गोंगाट आज ज्याच्या नावाने मोजतात, त्याच्या घरात दोघींना तो ऐकू येत नव्हता. त्या दिवशी आम्हांस ही केवळ एक चमत्कारिक माहिती वाटली, आणि ती मनाशी टिपून आम्ही झोपी गेलो.

भांडण मिटले असे धरून आम्ही चालत होतो. तिसऱ्या दिवशी पुतण्या लाल चेहऱ्याने दारात उभा! मोठ्या खुंटीवर झाकण आल्यामुळे दादांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन भिंतीवरच्या खुंट्या अखेरपर्यंत उजवीकडे फिरविल्या होत्या. कारागिराने आणखी एक तोड काढली. गल्ल्याच्या डोक्यावर दादांसाठी निराळा स्पीकर आणि निराळी खुंटी दिली. दादांनी ती पूर्ण चढविली, अर्धा तास ऐकले, आणि स्वतःच बंद करून म्हणाले, "मला नको रे हे. दुकानात पाहिजे."

या उत्तराने आम्ही चक्रावलो. स्वतःला ऐकावयाचे नाही, पण दुसऱ्यांच्या डोक्यावर आदळले पाहिजे, हा हट्ट दादांच्या स्वभावाशी जुळेना. म्हणून एके दुपारी आम्ही गल्ल्याशेजारी स्टूल घेऊन बसलो. दिवस भाद्रपदाचे. दुकान नव्या व्यवस्थेप्रमाणे शांत होते. एक बाई हळूच म्हणाल्या, "हा ब्लाउजपीस बदलून मिळेल का?" दादा हसून म्हणाले, "पिशवी देतो ना." दुसऱ्या गिऱ्हाइकाने सुटे पैसे मागितले, दादांनी त्यांस वरचा मजला दाखविला. दादा माणसांच्या डोळ्यांकडे पाहत नव्हते, ओठांकडे पाहत होते. इतक्यात रस्त्यावरून गणपतीची मिरवणूक आली. ढोल-ताशांनी दुकानाच्या काचा थरथरू लागल्या. आमच्या स्वतःच्या कानांत काही शिरेना. जो तो ओरडून बोलू लागला. आणि दादांचा चेहरा एकाएकी उजळला. त्या कल्लोळात त्यांनी चार गिऱ्हाइकांशी हिशेब केला, एकाही प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले नाही, आणि आम्हांस न ऐकू आलेला एक विनोद ऐकून ते मनमुराद हसले. मिरवणूक पुढे गेली, आवाज विरला, आणि दादा पुन्हा ओठांकडे पाहू लागले.

कानाच्या डॉक्टरांकडे दादांना नेण्यास आम्हांस आठ दिवस लागले. डॉक्टरांनी तपासणी केली, आणि आमच्या तोंडून ढोलांची हकीगत ऐकताच ते म्हणाले की, ही गोष्ट वैद्यकात साडेतीनशे वर्षे जुनी आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशाच एका बहिऱ्या स्त्रीची नोंद केली आहे. खोलीत नगारा वाजत असेपर्यंत तिला सगळे बोलणे ऐकू येई. म्हणून तिच्या नवऱ्याने नगारा वाजविणारा एक नोकरच पदरी ठेवला होता; बायकोशी चार शब्द बोलावयाचे तर त्याला आधी नगारा वाजवावयास लावी! कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन हाडे असतात. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे. ते काहींच्या बाबतीत हळूहळू जखडून बसते. आतली नस शाबूत राहते, पण बाहेरचा आवाज आत पोचविणारे दार अडते. अशा माणसास भोवतालचा गोंगाट फारसा बाधत नाही. आणि गोंगाटात इतर माणसे नकळत आवाज चढवून बोलतात. ही मनुष्यमात्राची सवय लोम्बार या फ्रेंच वैद्याने १९११ साली दाखवून दिली. तेवढे चढलेले बोलणे जखडलेल्या दारातूनही आत जाते. शिवाय अशा माणसास स्वतःचा आवाज हाडांवाटे उत्तम ऐकू येतो. त्यामुळे तो ओरडत नाही, उलट हलकेच बोलतो. बहिरा मनुष्य मोठ्याने बोलतो अशी आपली ठाम समजूत. त्यामुळे दादांच्या त्या सुप्रसिद्ध मृदू बोलण्याने आम्हां सर्वांस इतकी वर्षे चकविले.

परतताना रिक्षात आम्ही विचारले, "दादा, किती वर्षे झाली?"

"बाबा गेले त्या सुमाराचे असेल."

आमचे वडील जाऊन सव्वीस वर्षे झाली. "मग बोलला का नाहीत?"

दादा काही वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गल्ल्यावर बहिरा माणूस कोणी बसवतो का रे? आणि मी उठलो असतो, तर बसणार कोण होते? तू?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. सव्वीस वर्षांपूर्वी आम्ही कॉलेजात तास घेत होतो, आणि पुतण्या पाळण्यात होता.

घरी आल्यावर हे सगळे वहिनींना सांगितले. आम्हांस वाटले, त्यांना धक्का बसेल. त्या पदराने हात पुसत म्हणाल्या, "भावजी, मिक्सर चालू असला की हे माझ्याशी सरळ बोलतात, एरवी नाही, हे मला कधीचे ठाऊक आहे. मी म्हणे, स्वभाव असेल एकेकाचा. किती वेळा रिकामाच मिक्सर लावलाय मी." आणि एवढे बोलून त्या चहा ठेवण्यास आत गेल्या. विलिसच्या ग्रंथातला तो नवरा आमच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षे वावरत होता, फक्त नगाऱ्याच्या ऐवजी हाती मिक्सर घेऊन. आणि आम्ही दर रविवारी तेथे जेवून जात होतो.

पुतण्याची स्थिती मात्र पाहवेना. आवाजाने तो आपल्या आईवर गेला आहे. "बाबा माझे ऐकत नाहीत," हे वाक्य त्याने आमच्यापाशी शंभरदा उच्चारले असेल, आणि आम्ही ते शंभरदा ऐकले असेल. पण आपल्या भाषेत आज्ञा मानणे आणि कानाने ऐकणे या दोहोंना क्रियापद एकच असल्यामुळे, त्यानेही आणि आम्हीही पहिला अर्थ घेतला. दुसरा अर्थ घेऊन कोणी एकदा जरी पाहिले असते, तर चार महिन्यांचेच नव्हे, कदाचित पुष्कळ वर्षांचे गैरसमज टळले असते.

आमच्या स्वतःच्या वाट्यालाही थोडी लाज आली, ती येथे लपविण्याचे कारण नाही. घरात दादांना आमचेच बोलणे सर्वांत पटते, अशी एक गोड समजूत आम्ही उराशी बाळगून होतो. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचविण्याची आम्हांस तीस वर्षांची सवय. घरातही आम्ही त्याच पट्टीत बोलत आलो. दादांना आमचे बोलणे पटत होते की नाही, देव जाणे. ते त्यांना ऐकू येत होते, एवढे मात्र खरे. आमची खुंटी जन्मभर सातावरच होती.

जखडलेल्या रिकिबीच्या जागी कृत्रिम रिकीब बसविण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत १९५६ साली प्रथम झाली, आणि आता ती आपल्याकडेही सर्रास होते. दादांनी ती नको म्हटले आणि कानात घालण्याचे यंत्र पत्करले. ते शेंगदाण्याएवढे आहे, त्यालाही आवाज कमीजास्त करण्याची सोय आहे, आणि ती ज्याची त्याच्यापाशी आहे. पहिल्या आठवड्यात दादांनीच तक्रार केली की, दुकानातली गाणी फार मोठ्याने लागतात, आणि भिंतीवरची खुंटी ते दोन पायऱ्या खाली उतरवून आले. पुतण्याने ते पाहिले, पण तो काही बोलला नाही.

परवा रविवारी नेहमीप्रमाणे आम्ही जेवावयास गेलो होतो. पाने वाढली होती. स्वयंपाकघरात मिक्सर बंद होता. वहिनी काही तरी अगदी हळू बोलल्या आणि दादा त्यावर हसले. काय बोलल्या ते आमच्यापर्यंत आले नाही. आम्ही आमच्या सवयीने एका विषयावर व्याख्यान सुरू केले. पाचएक मिनिटे दादांनी ऐकून घेतले, मग कानाशी हात नेऊन म्हणाले, "अरे, जरा हळू बोल. मला ऐकू येते."